जास्तीचा एक तास

गेथिन पहिल्यांदा माझ्या दारात उभा राहिला तेव्हा त्याच्या कोटातून इतकं पाणी गळत होतं, की मी आधी पायपुसणं पुढे सरकवलं आणि मग "या" म्हटलं.

मे महिना होता आणि पाऊस आडवा येत होता. पोर्थ एलिदिर या आमच्या किनाऱ्यावरच्या गावाच्या धक्क्यावर जुनं बोटघर आहे. त्याच्या अर्ध्या भागात गावाच्या समितीने माहितीची खोली काढली आहे, तिथे मी बसते. नकाशे देते, पोस्टकार्डं विकते आणि उरलेल्या वेळात खिडकीतून समुद्र बघते. बाहेर एक पिवळी मिनीबस उभी होती. तिच्या काचांआड पाच-सहा पर्यटक रडवेल्या तोंडाने बसले होते.

"जिल्ह्याचं पत्रक मिळेल का एखादं?"

"वीस मिळतील. आज गिऱ्हाईकच नाही."

तो हसला. हसला की त्याचा उजवा डोळा डाव्यापेक्षा जरा जास्त मिटतो... हे मी त्या दिवशीच पाहिलं, आणि पाहिलं म्हणून स्वतःवर चिडलेसुद्धा. पत्रकावर 'मॉन बेट : सात गावं, सात ठिकाणं' असं छापलं होतं. हे बेट म्हणजेच आमचा जिल्हा. आतला शब्दन् शब्द माझा. तो तिथेच, पायपुसण्यावर उभा राहून मोठ्याने वाचायला लागला.

"ब्यूमारेसचा किल्ला — जरूर पाहा. आमलुखचा तांब्याचा डोंगर — जरूर पाहा. मोएल्व्रेचा किनारा — जरूर पाहा..." त्याने मान वर केली. "अहो, नाही पाहिलं तरी चालेल असं एकही गाव नाही का आपल्या जिल्ह्यात?"

"आहे ना. लांगेव्नी. म्हणून तर यादीतच घेतलं नाही."

"मी लांगेव्नीचा आहे."

खरं तर मी वरमायला हवं होतं. पण माझ्या नाकावर माशी बसत नाही, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. "मग तुम्हीच सांगा," मी म्हटलं, "काय आहे तिथे बघण्यासारखं?"

"आत्तापर्यंत मी होतो."

मी त्याला वीसच्या वीस पत्रकं दिली आणि दार लावून घेतलं.

लांगेव्नी बेटाच्या बरोबर मध्यावर आहे. तिथल्या माणसांना समुद्र दिसत नाही, म्हणून आम्ही किनाऱ्यावरची माणसं त्यांना माणसात धरत नाही. ही आमची जुनी खोड. त्यामुळे गेथिन दर मंगळवारी आणि शुक्रवारी आपली पिवळी बस घेऊन यायला लागला, तेव्हा धक्क्यावरच्या बाकड्यांवर कुजबुज सुरू झाली. आमच्या गावात निम्मी माणसं जोन्स आणि उरलेली पॅरी. म्हणून माणूस धंद्यावरून ओळखला जातो. पोस्टातून निवृत्त झालेले समितीचे अध्यक्ष म्हणजे पॅरी पोस्ट. दोन आठवड्यांत हा 'गेथिन बस' झाला. नाव पडलं म्हणजे गावाने दखल घेतली.

"समुद्राचं मला ओ की ठो कळत नाही," तो काउंटरवर कोपर टेकून म्हणायचा. "पोहताही येत नाही. तुम्ही लिहाल त्यावर मी चालणार."

"मी काहीही लिहीन."

"मग मी कुठेही चालीन."

असली बोलणी. प्रवासी खाली उतरून फोटो काढेपर्यंत दहा मिनिटं मिळायची, तेवढ्यात हे सगळं. मी घरी जाऊन ताइदना, म्हणजे माझ्या आजोबांना, काहीच सांगायची नाही. पण त्र्याऐंशी वर्षांच्या माणसाला काही सांगावं लागत नाही. "आज मंगळवार दिसतोय," ते नुसतंच म्हणायचे, आणि चहात साखर ढवळत बसायचे.

जूनमध्ये मी नवं पत्रक काढलं... फक्त इनिस वेनोलचं. आमच्या गावासमोरचं हे छोटं बेट. ओहोटीला खडकांची वाट उघडते, पंधरा-वीस मिनिटांत चालत जाता येतं. तिथे पडकं चॅपल आहे, गोड्या पाण्याची विहीर आहे आणि हजारो पांढरे पक्षी. वाट पूर्ण ओहोटीच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास उघडी असते, मग बुडते. म्हणून पत्रकात जूनच्या रोजच्या वेळा घातल्या. त्या मी भरती-ओहोटीच्या पुस्तकातून घेतल्या आणि ताइदनी शिकवल्याप्रमाणे प्रत्येकीत एक तास मिळवला. आमच्याकडे उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे करतात, पण पुस्तक छापतात हिवाळी वेळेनुसार. म्हणून उन्हाळ्यात तास मिळवायचाच. हे कोळ्याच्या घरातल्या मुलीला बोलायला शिकतानाच येतं. बाहेरच्या माणसाने पुस्तकात पाहिलं तसं उतरवून काढलं असतं आणि घोळ घातला असता, असं मनाशी म्हणत मी पन्नास ठिकाणी पत्रकं पाठवली.

त्या शुक्रवारी पाच वाजता गेथिन आला. बरोबर लांगेव्नीच्या चॅपलमधल्या सहा गाणाऱ्या बायका. सगळ्यांत लहान एकसष्ट वर्षांची, सगळ्यांत मोठ्या एक्क्याऐंशी वर्षांच्या मिसेस ओलवेन ह्यूज, हातात काठी आणि तोंडाचा पट्टा सुरू.

"ही का ती?" त्यांनी मला नखशिखान्त न्याहाळलं. "गेथिन, तू म्हणाला होतास तेवढी काही खडूस दिसत नाही."

गेथिनचे कान लाल झाले. माझेही झाले असावेत.

"चला ना तुम्हीही," तो हळूच म्हणाला. "सहा गायिका सोबत आहेत. तुमच्या अब्रूला धोका नाही."

"खोली सातला बंद करायची असते."

खोटं कारण. खरं म्हणजे सगळं गाव धक्क्यावर बसलं होतं. त्याच्या शेजारून चालत गेले असते तर रात्रीपर्यंत आमचं लग्न लावून मोकळे झाले असते.

"बरं. मग परत आल्यावर एक विचारायचंय."

"आत्ताच विचारा."

"नाही... आधी समुद्र ओलांडून येतो. म्हणजे तुमची किनाऱ्यावरची माणसं मला माणसात धरतील." त्याने वरच्या खिशातलं पत्रक थोपटलं. "आठ वीसपर्यंत वाट उघडी. बरोबर?"

"आठ वीस," मी म्हटलं. "पण आठलाच निघा."

हे वाक्य मी किती ठामपणे म्हटलं होतं, ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

साडेसहाला मी वर घरी गेले. घर म्हणजे बोटघराच्या माथ्यावरच्या दोन खोल्या. ताइद खिडकीत बसले होते. त्यांची खुर्ची पंचवीस वर्षं त्याच जागी आहे.

"मांजराचे पंजे भिजले," ते म्हणाले.

मांजरखडक हा वाटेच्या मधोमध आहे. त्याच्या अलीकडे एक खोल चर, पलीकडे दुसरा. पंजे भिजले की वाट बुडायला पाऊण तास. कान बुडले की सगळं गेलं.

"पंजे एवढ्यात कसे भिजतील, ताइद? अजून तास आहे."

"मला सांगतेस? पाच वीसला ओहोटी संपून पाणी फिरलं. मी बघत होतो."

"सहा वीसला."

ताइदनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही. "पोरी, पुस्तक आण."

मी पुस्तक आणलं. जूनचं पान उघडलं. पाच वीस. म्हणजे मिळवून सहा वीस, असं सांगायला तोंड उघडलं... आणि पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांतली ओळ दिसली. 'यंदापासून उन्हाळी वेळ धरूनच आकडे दिले आहेत.'

तास आधीच मिळवलेला होता. मी तो दुसऱ्यांदा मिळवला होता. समुद्राची काहीच माहिती नसलेल्या कुणीही नुसतं उतरवून काढलं असतं तर बरोबर आलं असतं. चुकायला माझ्यासारखीच हवी होती.

घड्याळात सहा चाळीस. वाट सात वीसला बुडणार, आणि पलीकडे माझ्या शब्दावर विसंबून, आठपर्यंत निवांत बसलेली सात माणसं! बेटावर फोन लागत नाही. मी बचाव-नौकेचा नंबर फिरवला.

"किती जण?" पलीकडचा आवाज शांत होता.

"सात. सहा वयस्कर बायका."

"वाट कधी बुडते?"

"सात वीसला."

"मग ते अजून तिथे का आहेत?"

ताइद माझ्याकडे बघत होते.

"...माहीत नाही," मी म्हटलं.

एवढंसं खोटं. तोंडातून निघून गेलं. पलीकडून सांगितलं की बोट एका बंद पडलेल्या होडीपाशी गेली आहे, यायला तास तरी लागेल. मी फोन ठेवला आणि जिना उतरून पळत सुटले.

धक्क्यावर पॅरी पोस्टनी हाक मारली, "काय गं, आग लागली का?" मी थांबले नाही. वाटेवरचे दगड मला पाठ आहेत, कुठला डुगडुगतो, कुठला शेवाळलेला. पहिल्या चरात पाणी घोट्याला लागत होतं. मांजरखडकाजवळून जाताना मी पंज्यांकडे पाहिलंच नाही.

बेटावर चॅपलच्या भिंतीला टेकून मंडळी चहा पीत होती. मनुकांच्या पावाचे काप रुमालावर मांडलेले. मला धापा टाकत येताना पाहून गेथिनचा चेहरा असा उजळला, की मला रडूच आलं असतं.

"आलात! मला वाटलंच होतं—"

"उठा. सगळ्या उठा. आत्ताच्या आत्ता निघायचंय."

"पण अजून सव्वा तास..."

"वीस मिनिटं आहेत. पत्रक विसरा, गेथिन!"

मग एकही प्रश्न न विचारता त्याने थर्मास पिशवीत कोंबला आणि मिसेस ह्यूजना हात दिला.

"पाणी वाढतंय असं मला मघाशी वाटलं होतं," उतारावरून जाताना तो हळू आवाजात म्हणाला.

"मग निघाला का नाहीत? डोळ्यांवर विश्वास ठेवायचा माणसाने!"

"डोळे माझे आहेत. पत्रक तुमचं होतं."

मला तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. चालण्याची घाई होती, हे एक कारण. दुसरं कारण मी मनात इतकं खोल दडपलं होतं, की स्वतःलाही दिसू देत नव्हते.

मिसेस ह्यूजचा गुडघा त्या दगडांवर काही केल्या वाकेना. दहा पावलं चालल्या की थांबायच्या. गेथिन म्हणाला, "तुम्ही पाच जणींना घेऊन पुढे व्हा. वाट तुम्हाला माहीत आहे. मी यांना घेऊन मागून येतो." दुसरा उपाय नव्हता. मी पाचही जणींना एकमेकींचे हात धरायला लावले. पलीकडचा चर ओलांडला, मांजरखडक ओलांडला, आणि अलीकडच्या चरात उतरलो तेव्हा पाणी गुडघ्यावर होतं आणि ओढत होतं. एकीचा बूट गेला. कुणी ओरडलं नाही. चॅपलमधल्या बायका, श्वास कसा धरायचा ते त्यांना माहीत! शेवटची वर चढली तेव्हा घड्याळात सात वीस झाले होते आणि माझा स्कर्ट मांडीपर्यंत भिजला होता.

मी मागे वळले.

गेथिन मांजरखडकावर पोचला होता, मिसेस ह्यूजना पाठुंगळी घेऊन. आमच्यामध्ये वीस-पंचवीस पावलांचं पाणी. तो चराच्या काठाशी आला आणि त्याने एक पाय आत टाकला...

"थांब!" मी किंचाळले. "तू उतरू नकोस! गेथिन, मागे हो!"

आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला 'तू' म्हटलं. त्याने पाय मागे घेतला. पण मागे तरी कुठे जाणार? पलीकडचा चरही बुडाला होता. पोहता न येणारा एक माणूस आणि एक्क्याऐंशी वर्षांची बाई, मध्ये स्वयंपाकाच्या ओट्याएवढा खडक. पंजे गेले होते. पाणी मांजराच्या पोटाला लागलं होतं. कान बुडायला फार तर चाळीस मिनिटं.

तोवर सगळं गाव वाटेच्या तोंडाशी जमलं होतं. कुणी दोर आणला, तो अर्ध्यातच पडला. होड्या ओहोटीत चिखलावर आडव्या पडल्या होत्या, त्यांना पाणी लागायला अजून अवकाश होता. दोघा-तिघांनी एक होडी ढकलायला घेतली, ती जागची हलेना.

"लांगेव्नीचा माणूस!" पॅरी पोस्ट सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "साधं घड्याळ बघता येत नाही, आणि निघाला म्हाताऱ्या बायकांना समुद्रात घेऊन. सोमवारी मी स्वतः लिहून कळवतो. याचा बसचा परवाना काढूनच घेतला पाहिजे."

"बरोबर आहे."

"आतल्या माणसाला काय कळणार!"

माना हलल्या. वारा तिकडे वाहत होता, त्यामुळे हे सगळं खडकावर स्पष्ट ऐकू गेलं असणार. गेथिनने मिसेस ह्यूजना मांजराच्या पाठीवर, सगळ्यांत उंच जागी बसवलं. मग वरच्या खिशातून पत्रक काढलं. उलगडलं. वाचलं. खालच्या पाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

त्याला कळलं. मला दिसलं की त्याला कळलं.

त्याने फक्त तो कागद उंच धरायचा होता. 'हे बघा, इथे आठ वीस लिहिलंय,' एवढं ओरडायचं होतं. त्याने कागदाची घडी घातली, एकदा, दोनदा, आणि परत खिशात ठेवला. आणि तोंड मिटून उभा राहिला.

मला माझी इतकी लाज कधीच वाटली नव्हती. आणि तो मला इतका कधीच आवडला नव्हता. दोन्ही एकदमच झालं.

"त्याची चूक नाही!" मी ओरडले.

सगळे वळले.

"माझी आहे! वेळ मी चुकीची लिहिली. एक तास दोनदा मिळवला. तो पत्रकाप्रमाणेच वागला. आणि मघाशी फोनवरही मी खोटं बोलले."

पॅरी पोस्ट पुढे आले. "मारेद? तू? अगं, तुझे ताइद..."

"ताइदनीच चूक पकडली."

"मोठ्याने बोल गं पोरी!" खडकावरून मिसेस ह्यूज ओरडल्या. "मला ऐकू येत नाही!"

म्हणून मला ते पुन्हा सांगावं लागलं. हाताचा कर्णा करून, सगळ्या गावासमोर, शब्द तोडून तोडून. माझी. चूक. आहे. तिसऱ्यांदा सांगताना आवाज फाटला.

"कळलं!" त्या म्हणाल्या. "आता रडू नकोस. रडून पाणी आणखी वाढेल."

कुणीतरी हसलं. पाणी मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. गेथिनच्या बुटांना लागलं होतं. सात पस्तीस. समुद्राच्या टोकाशी बोटीचा ठिपकासुद्धा नव्हता.

"मारेद!" त्याने हाक मारली. "मला काय विचारायचं होतं, ते आता विचारू का?"

"आत्ता? इथे?"

"नंतर वेळ मिळेल की नाही... तुझा वेळेचा हिशेब आज काही खरा दिसत नाही!"

तोही 'तू'वर आला होता. घोट्याएवढ्या पाण्यात उभा राहून, तोंड पांढरं पडलेलं, आणि वर थट्टा.

"विचार!"

"रविवारी लांगेव्नीला येशील? आमच्याकडे, चहाला. आई म्हणते, तिला घरी आणेपर्यंत तिच्याबद्दल बोलणं बंद!"

सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. पाच भिजलेल्या बायका घोंगड्यांत गुरफटून माझ्याकडे बघत होत्या. गालावरून पाणी वाहत होतं, समुद्राचं की माझं कोण जाणे.

"हो म्हण लवकर!" मिसेस ह्यूज. "मला थंडी वाजतेय!"

"येईन!" मी ओरडले. "रविवारी येईन, सोमवारी येईन! तू आधी जिवंत परत ये! मला तू हवा आहेस, गेथिन, ऐकतोयस ना? मला तू हवा आहेस!"

"ऐकलं! पण मिसेस ह्यूजना परत सांगावं लागेल!"

पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं. त्याने म्हातारीला खांद्यावर घेतलं. एक लाट जरा मोठी आली आणि तो हलला... गर्दीने एकदम श्वास आत ओढला. तेवढ्यात माझ्या शेजारच्या बाईंनी, ज्यांचा बूट गेला होता, अगदी हळू एक भजन धरलं. चॅपलमधलं, सगळ्यांना येणारं. बाकीच्या चौघी मिळाल्या. मग गाव मिळालं. आणि पाण्यापलीकडून, गेथिनच्या खांद्यावरून, मिसेस ह्यूजचा खालचा सूर आला, काठीने ताल धरून. त्या सुरात तसूभरही कंप नव्हता. मी गाऊ शकले नाही. मी फक्त त्याच्या गुडघ्यांकडे बघत होते आणि लाटा मोजत होते.

तिसऱ्या कडव्याला कुणीतरी बोट दाखवलं. किनाऱ्याच्या टोकाला वळसा घालून केशरी ठिपका येत होता, आणि त्याच्यामागे पांढरा फेस.

बोट खडकाला लागली तेव्हा पाणी त्याच्या मांड्यांवर होतं. आधी मिसेस ह्यूजना घेतलं, त्या अजूनही गात होत्या. मग त्याला कॉलर धरून आत ओढलं. मी मागे पाहिलं तेव्हा मांजराचे कानही दिसत नव्हते.

धक्क्यावर उतरल्यावर त्याला उभं राहता येत नव्हतं. कुणीतरी घोंगडी टाकली. मी समोर गेले. माफी मागायची होती, चिडायचं होतं, त्याला धरून ठेवायचं होतं. त्याने खिशातून तो ओला लगदा काढला आणि धक्क्यावरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"सात पंचावन्न," तो म्हणाला. दात वाजत होते. "आठ वीसला अजून वेळ आहे. तुझ्या हिशेबाने मी वेळेतच आलोय."

मग मी सगळ्या गावादेखत त्याच्या गळ्यात पडले. पॅरी पोस्टनी घसा खाकरला आणि समुद्राकडे बघायला लागले. त्या रात्री मी बचाव-नौकेच्या माणसालाही फोन करून खरं सांगितलं. समितीने महिनाभर खोलीची किल्ली माझ्याकडून काढून घेतली, आणि ते योग्यच होतं.

शनिवारी आणि रविवारी आम्ही पिवळ्या बसमधून जिल्हाभर फिरलो, ती चुकीची पत्रकं गोळा करत. ब्यूमारेसच्या किल्ल्याच्या खिडकीतून, आमलुखच्या चहाच्या दुकानातून, मोएल्व्रेच्या मासेवाल्याकडून. मी लिहिलेली सातही ठिकाणं, 'जरूर पाहा' म्हणून. खरं सांगायचं तर कुठल्याही ठिकाणी मी काहीच पाहिलं नाही. तो गाडी चालवत होता आणि मी शेजारी बसले होते. शेवटचा थांबा लांगेव्नी. त्याच्या आईने दार उघडलं आणि पहिलंच वाक्य टाकलं, "तास चुकली नाहीस ना? चहा कधीचा तयार आहे."

गावाने मला नाव दिलं. आता मी 'मारेद एक तास'. मरेपर्यंत हेच राहणार, यातून सुटका नाही. ताइद मात्र मला पूर्वीसारखंच 'पोरी' म्हणतात. लग्नात त्यांनी गेथिनला भरती-ओहोटीचं पुस्तक भेट दिलं, तळाच्या ओळीखाली लाल रेघ मारून.

यंदा पत्रक नव्याने छापलं. आता जिल्ह्यात आठ गावं आहेत. आठव्याची माहिती मीच लिहिली आणि मजकूर तपासायला गेथिनकडे दिला. त्याने वाचला, उजवा डोळा मिटला, आणि एक अक्षरही बदललं नाही.

'लांगेव्नी. गुरुवारी बाजार भरतो. बघण्यासारखं होतं ते आता पोर्थ एलिदिरला राहायला आलं आहे.'